क्रूझवरचा मोबाइल: जहाज सुटण्याआधीपासून बिल हाती येईपर्यंत

क्रूझचं बुकिंग करताना आपण बरंच काही विचारतो. केबिनला खिडकी आहे का, शाकाहारी जेवण मिळेल का, बंदरावरच्या सहलींचे वेगळे पैसे किती. मोबाइलचा विषय मात्र 'रोमिंग पॅक टाकू की' एवढ्यावर संपतो. आणि खुल्या समुद्रात बहुतेक वेळा नेमका तोच पॅक चालत नाही. चार दिवसांच्या सहलीचं बिल तिकिटाच्या जवळपास जाण्याचे प्रकार जगभर होत आले आहेत. त्यातल्या बहुतेकांनी फोन फारसा वापरलेलाही नसतो, तो नुसता खिशात चालू असतो.

हे टाळायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. पूर्ण प्रवासात एकच प्रश्न विचारत राहायचा: माझा फोन आत्ता कोणाच्या नेटवर्कवर आहे? खालची प्रत्येक पायरी या प्रश्नासाठीच आहे.

जहाजावर नेटवर्क येतं कुठून

जहाजावर फोन तीन ठिकाणांहून जोडला जाऊ शकतो: किनाऱ्यावरच्या टॉवरवरून, जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कवरून आणि जहाजाच्या वाय-फायवरून. या तिन्हींचे पैसे वेगळे, नियम वेगळे आणि पॅकही वेगळे.

गोंधळ होतो तो दुसऱ्यामुळे. मोठ्या क्रूझ जहाजांवर छोटे मोबाइल अँटेना बसवलेले असतात. तुमचा फोन त्या अँटेनाशी बोलतो, अँटेना जहाजाच्या छतावरच्या डिशमार्फत उपग्रहाशी आणि उपग्रह जमिनीवरच्या केंद्राशी. ही सेवा क्रूझ कंपनी स्वतः देत नाही. वायरलेस मेरिटाइम सर्व्हिसेस (हिचं नेटवर्क 'सेल्युलर अ‍ॅट सी' या नावाने दिसतं), टेलिनॉर मेरिटाइम अशा समुद्रासाठीच्या खास कंपन्या ती चालवतात. फोनला मात्र हे नेहमीसारखंच एक नेटवर्क दिसतं. दांड्या भरलेल्या असतात, रेंज झकास असते, आणि माणूस निश्चिंत होतो.

प्रत्येक मोबाइल नेटवर्कला देशाचा एक आकडा असतो. भारताचे ४०४ आणि ४०५, सिंगापूरचा ५२५. जहाजांवरची बरीच नेटवर्क ९०१ या आकड्याखाली येतात, आणि ९०१ हा कोणत्याही देशाचा आकडा नाही. म्हणून तुमच्या पॅकमध्ये '१८० देश' लिहिलेले असले तरी खुला समुद्र त्यात धरलेला असेलच असं नाही. तुम्ही थायलंडच्या किनाऱ्यापासून ५० किलोमीटरवर असाल, पॅकमध्ये थायलंडही असेल, तरी फोन ९०१ वर असला तर हिशोब थायलंडच्या दराने होणार नाही.

दर इतके चढे का, तर उपग्रहाचा खर्च मोठा, गिऱ्हाईक मोजकं, आणि दरावर मर्यादा घालणारं सरकार तिथे कुणाचंच नाही. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांमधलं जादा रोमिंग शुल्क काढून टाकलं, पण ती सवलत जमिनीवरच्या नेटवर्कपुरती आहे. ग्रीस आणि इटली यांच्यामधल्या समुद्रात जहाजाच्या नेटवर्कवर गेलेल्या जर्मन माणसालाही ती मिळत नाही. लंडन किंवा फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे आवर्जून ध्यानात ठेवावं, कारण 'माझ्या प्लॅनमध्ये सगळा युरोप आहे' या भरवशावर भूमध्य समुद्रातली क्रूझ घेणारे बरेच असतात.

पहिली पायरी: दरपत्रक नीट वाचा

निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या कंपनीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगच्या पानावर जा. देशांच्या यादीवर थांबू नका, 'क्रूझ', 'मेरिटाइम' (म्हणजे सागरी) किंवा 'इन-फ्लाइट अँड मेरिटाइम' असा वेगळा विभाग आहे का ते शोधा. असेल तर त्यात आपल्या जहाजाचं नाव आणि तिथल्या नेटवर्कचं नाव आहे का ते तपासा. सापडलं नाही तर ग्राहकसेवेला चॅटवर किंवा ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. प्रश्न असा विचारा: 'अमुक जहाजावर, किनाऱ्यापासून दूर असताना, माझा पॅक चालेल का? चालत नसेल तर येणारा कॉल, जाणारा कॉल, एसएमएस आणि डेटा यांचा दर काय?'

दर वाचताना एकक पाहा. डेटाचा दर पुष्कळदा १० केबीमागे लिहिलेला असतो आणि म्हणून तो किरकोळ वाटतो. समजा १० केबीला ५ रुपये आहे. एका एमबीत १,०२४ केबी, म्हणजे एमबीला ५१२ रुपये झाले. फोनवर काढलेला एक साधा फोटो ३ ते ४ एमबीचा असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर कमी होऊन जातो, पण फोटोंचा बॅकअप आपोआप सुरू असेल तर मूळ आकारात जातो. असे २० फोटो गेले की ३०-४० हजार रुपये झाले, आणि तुम्ही त्या वेळी डेकवर सूर्यास्त बघत असता.

कॉलचंही तसंच. रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलचेही पैसे पडतात. ओळखीच्या नसलेल्या नंबरवरून कर्जाची जाहिरात करणारा कॉल तुम्ही उचललात, तर पहिल्या मिनिटाचे पैसे तुमचे.

दुसरी पायरी: प्रीपेड की पोस्टपेड

माझं मत स्पष्ट आहे. जहाजावर जाणाऱ्या फोनमध्ये शक्यतो प्रीपेड सिम असावं. चूक झाली तरी शिल्लक रकमेपुरतीच होते. पोस्टपेडमध्ये जहाजावरच्या वापराची नोंद तुमच्या कंपनीकडे उशिरा पोहोचू शकते, त्यामुळे इशाऱ्याचा एसएमएस येईपर्यंत आकडा पुढे गेलेला असतो. पोस्टपेडच असेल तर निघण्याआधी क्रेडिट लिमिट किती आहे ते विचारा आणि ती कमी करून घ्या. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना तर मोबाइल कंपनीकडे मासिक बिलाची कमाल मर्यादा ठरवून मागण्याचा हक्क २०१८ पासून आहे, तो वापरावा.

तिसरी पायरी: घरच्या वाय-फायवर उरकायची कामं

तिकिटं, व्हिसा, विमा, हॉटेलची कागदपत्रं फोनमध्ये उतरवून ठेवा. बंदरांचे नकाशे ऑफलाइन घ्या. जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही, त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही बहुतेक फोनवर आपलं ठिकाण नकाशात दिसतं. क्रूझ कंपनीचं अ‍ॅपही घरीच घ्या. रोजचा कार्यक्रम, जेवणाच्या वेळा, खर्चाचा हिशोब त्यात असतो आणि जहाजावर बहुतेक ठिकाणी ते इंटरनेटचं पॅकेज न घेताही चालतं.

मग कॉल फॉरवर्डिंग. याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. 'फोन उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर जाऊ दे' अशी सोय चालू असेल, तर रोमिंगमध्ये तो कॉल आधी जहाजापर्यंत येतो आणि तिथून परत भारतात वळतो. पैसे दोन्ही बाजूंचे लागू शकतात, तेही तुम्ही फोनला हात न लावता. व्हॉइसमेल आणि कॉल उचलणारे काही असिस्टंट अ‍ॅप याच सोयीवर चालतात. भारतात असतानाच ##००२# डायल करा, सगळी फॉरवर्डिंग रद्द होते.

बँकेचे ओटीपी एसएमएसवर येतात आणि फ्लाइट मोडमध्ये एसएमएस येत नाही. म्हणून वीजबिल, हप्ते, मुलांची फी असलं काही त्या दिवसांत येत असेल तर आधीच भरून टाका. काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात, तेव्हा बँकेकडे तुमचा ईमेल बरोबर नोंदवलेला आहे ना ते पाहा. आणि भारतीय सिम काढून घरी ठेवू नका. यूपीआय अ‍ॅप सिम फोनमध्ये आहे का ते तपासतात. सिम आत आणि फ्लाइट मोड चालू, हीच व्यवस्था चांगली. सहलीत व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा घालण्याच्या भानगडीतही पडू नका, नव्याने नोंदणीला ओटीपी लागेल.

घरच्यांना जहाजाचं नाव, केबिन नंबर आणि क्रूझ कंपनीचा आपत्कालीन संपर्क क्रमांक देऊन ठेवा. फोन लागला नाही तर घाबरू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप ठेवा, असंही सांगा. आपण फोन चालू ठेवतो ते बहुतेकदा घरच्या काळजीपोटीच.

चौथी पायरी: जहाजावर चढताना

गँगवेवर, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलावर, पाय ठेवण्याआधी फ्लाइट मोड चालू करा. जहाज सुटल्यावर करू, असं ठरवलं की ते राहून जातं. तेव्हा भोंगा वाजत असतो, सगळे रेलिंगपाशी असतात, फोटो चाललेले असतात. फ्लाइट मोड लावल्यावर वाय-फाय आणि ब्लूटूथ वेगळे चालू करता येतात.

'मी डेटा रोमिंग बंद ठेवलंय, तेवढं पुरे' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुरत नाही. डेटा रोमिंग बंद असलं तरी फोन जहाजाच्या नेटवर्कला जोडलेला राहतो. कॉल येतात, एसएमएस जातात. आयफोन आयमेसेज आणि फेसटाइम सुरू करण्यासाठी न सांगता एसएमएस पाठवू शकतो. काही बँकिंग आणि यूपीआय अ‍ॅपही नोंदणीसाठी तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतात. फ्लाइट मोडमध्ये यातलं काहीच होत नाही. डेटा रोमिंगही बंदच ठेवा, म्हणजे फ्लाइट मोड चुकून निघाला तरी मोठं नुकसान टळेल. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही सिमचं रोमिंग वेगवेगळं तपासा.

हे काम स्वतःच्या फोनपुरतं करून भागत नाही. आई-बाबांचा फोन, मुलांचा फोन, मनगटावरचं सिमवालं घड्याळ, सिम असलेला टॅब, सगळं हातात घेऊन एकदा बघा.

किनारा दिसतोय तेव्हाच जास्त जपा

भर समुद्रात फक्त जहाजाचं नेटवर्क असतं, त्यामुळे धोका सरळ असतो. किनाऱ्याजवळ मात्र फोन स्वतःच्या मनाने नेटवर्क बदलत राहतो.

बंदरात जहाजाचं मोबाइल नेटवर्क सहसा बंद असतं. ते किती अंतरावर सुरू करायचं याचे नियम आहेत. युरोपीय संघाच्या नियमांत किनाऱ्यापासून २ सागरी मैलांच्या आत ते चालवता येत नाही. देशाची सागरी हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची असते. याचा अर्थ, किनाऱ्यावरचे दिवे स्पष्ट दिसत असताना, जहाज देशाच्या हद्दीत असतानाही फोन जहाजाच्या नेटवर्कवर गेलेला असू शकतो. हद्दीवरून अंदाज बांधू नका, पडद्यावरचं नाव वाचा.

आपल्याकडून बरेच लोक सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझला जातात, पेनांग-फुकेतच्या. मलाक्काच्या सामुद्रधुनीत एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला इंडोनेशिया. इंडोनेशियाचं बाताम बेट सिंगापूरपासून साधारण २० किलोमीटरवर आहे. तुमचा पॅक फक्त सिंगापूर-मलेशियाचा असेल आणि फोनने बातामचा टॉवर पकडला, तर ते पॅकच्या बाहेरचं रोमिंग. शिवाय काही पॅक परदेशी नेटवर्क पहिल्यांदा धरताच सुरू होतात. एक दिवसाचा पॅक फुकेतसाठी राखून ठेवला असेल आणि आदल्या रात्री केबिनमध्ये फोनने कुठला तरी टॉवर पकडला, तर सकाळपर्यंत तो अर्धा संपलेला.

यावर उपाय फ्लाइट मोडच. पण काही कारणाने फोन चालू ठेवावाच लागत असेल, तर नेटवर्कची निवड आपोआप न ठेवता स्वतः करा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या मोबाइल नेटवर्कखाली नेटवर्क ऑपरेटर्स असतं, आयफोनमध्ये मोबाइल सर्व्हिसखाली नेटवर्क सिलेक्शन. तिथलं 'ऑटोमॅटिक' बंद केलं की यादी येते. 'सी', 'मेरिटाइम' अशी नावं किंवा ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसला तर त्याला हात लावू नका.

याच क्रूझमध्ये घड्याळाचाही एक सापळा आहे. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, थायलंडची एक तास मागे. फुकेतला उतरल्यावर फोन थाई नेटवर्क पकडून घड्याळ आपोआप मागे नेतो. जहाज त्या दिवशी कुठली वेळ पाळणार ते रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. ते सिंगापूरची वेळ पाळत असेल आणि तुम्ही फोनवर विसंबलात, तर परतायला तासभर उशीर. जहाज थांबत नाही. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

जहाजाचं वाय-फाय

वाय-फायही फुकट नसतं, पण त्याची रक्कम आधी कळते आणि तेवढीच राहते. माझ्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

पूर्वी हे वाय-फाय फार संथ असे, कारण ते विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमार्फत चाले. आता बऱ्याच जहाजांवर स्टारलिंक हे उपग्रहावरून चालणारं इंटरनेट आलं आहे, ज्याचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असतात. रॉयल कॅरिबियनने २०२२ मध्ये आपल्या सगळ्या जहाजांवर ते बसवण्याचं जाहीर केलं, इतरही कंपन्या त्या वाटेने गेल्या. व्हिडिओ कॉल आता जमतात. वाय-फाय सुधारलं म्हणून मोबाइल रोमिंग स्वस्त झालं असं मात्र समजू नका.

पॅकेज शक्यतो घरूनच, क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. जहाजावर तेच बऱ्याचदा महाग पडतं. घेताना पाहा की त्यात काय चालतं. काही कंपन्यांचं स्वस्त पॅकेज फक्त मेसेज आणि सोशल मीडियापुरतं असतं, त्यात कॉल किंवा व्हिडिओ चालेलच असं नाही. किती उपकरणं चालतील तेही बघा. 'एक उपकरण' असलं तरी बहुतेक ठिकाणी एका फोनवरून लॉग-आउट करून दुसऱ्यावर लॉग-इन करता येतं. चौघांच्या कुटुंबाला रोज संध्याकाळी घरी बोलायचं एवढंच असेल, तर एक पॅकेज आळीपाळीने वापरून सहज निभतं.

वाय-फाय घेतल्यावरही अ‍ॅपची आपोआप होणारी अपडेट, फोटोंचा बॅकअप आणि व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद ठेवा. वाय-फाय कॉलिंगबद्दल आपल्या कंपनीला आधी विचारा, परदेशातून केलेल्या अशा कॉलचे नियम प्रत्येकीचे वेगळे आहेत. साधा व्हॉट्सअ‍ॅप कॉल बरा. केबिनमधला लँडलाइन फोन जहाजातल्या जहाजात फुकट असतो आणि तातडीच्या प्रसंगी तोच उचलायचा. बाहेर कॉल करायचा तर मात्र आधी रिसेप्शनला दर विचारा.

पाचवी पायरी: बंदरावर उतरल्यावर

जहाजापासून चालत थोडं दूर आलात की फ्लाइट मोड काढा, पडद्यावर त्या देशातल्या कंपनीचं नाव येईपर्यंत थांबा, मगच डेटा रोमिंग चालू करा. इथे तुमचा देशांचा पॅक किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये डिजिटल पद्धतीने घ्यायचं सिम) उत्तम चालतं. तीन-चार देशांची सहल असेल तर त्या प्रदेशाचं एकच ई-सिम सोयीचं. ते प्रीपेड असतं, डेटा संपला की बंद पडतं, बिल येत नाही. भारतीय सिमचा डेटा बंद ठेवून ते फक्त ओटीपीपुरतं चालू ठेवा. परत जहाजावर चढण्याच्या रांगेत उभं राहिलात की पुन्हा फ्लाइट मोड.

मुंबई–गोवा आणि लक्षद्वीप

'भारतातच तर फिरतोय, रोमिंग कसलं?' हा प्रश्न रास्त आहे. मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करत आलं आहे. बंदर सोडल्यावर काही वेळ आपली रेंज राहते, मग जाते. समुद्रात जहाजावर मोबाइल सेवा कशी द्यायची यासाठी भारताने २०१८ मध्ये वेगळे नियम केले आहेत. पण समुद्रातली सेवा ही तुमच्या घरगुती प्लॅनचा भाग नसते. अशा सहलीला माझा सल्ला सोपा: आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरूच करू नका. ते बंद असेल तर फोन परदेशी नोंदणीच्या जहाज-नेटवर्कला सहसा जोडलाच जात नाही, 'नो सर्व्हिस' दाखवतो. मागच्या परदेशवारीत सुरू केलेलं तसंच राहिलं असेल, तर कंपनीच्या अ‍ॅपमधून बंद करा.

लक्षद्वीपला ३ जानेवारी २०२४ रोजी कोचीहून समुद्राखालून आलेल्या ऑप्टिकल फायबर केबलचं उद्घाटन झालं, त्यामुळे बेटांवरचं इंटरनेट पूर्वीपेक्षा खूप सुधारलं. बेटावर उतरल्यावर भारतीय नेटवर्कच असतं, तिथे निर्धास्त बोला. चेन्नईहून श्रीलंकेला जाणारी क्रूझ घेतलीत तर मात्र श्रीलंकेचा पॅक आणि वरच्या सगळ्या पायऱ्या लागू.

कुणी उपग्रह फोन भाड्याने आणायचा विचार करत असेल तर तो सोडा. भारतात परवानगीशिवाय असे फोन बाळगणं गुन्हा आहे.

अमेरिकेतल्या मुलांसाठी

आई-बाबा पुण्याहून किंवा नाशिकहून आले की मायामीहून बहामाज किंवा सिएटलहून अलास्काची क्रूझ ठरते. तुमचे फोन तुम्ही सांभाळता. त्यांच्या फोनमध्ये भारतीय पोस्टपेड सिम असतं, आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असतं आणि अमेरिकेचा पॅक टाकलेला असतो. तो पॅक जहाजावर बहुधा चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांचे फोन बंदरावर स्वतः लावून द्या आणि वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅप कसं करायचं ते एकदा त्यांच्याकडून करवून घ्या. तुमच्या स्वतःच्या अमेरिकन प्लॅनमध्ये कॅनडा आणि मेक्सिको असले तरी जहाज त्यात धरलेलं नसतं. कॅरिबियनमधली सॅन हुआन आणि सेंट थॉमस ही बंदरं मात्र अमेरिकेच्याच अखत्यारीत आहेत, तिथे बहुतेक प्लॅन घरच्यासारखे चालतात.

तरीही बिल आलंच तर

आधी तपशीलवार बिल मागवा. प्रत्येक नोंदीत नेटवर्कचं नाव, तारीख आणि वेळ पाहा. ज्या वेळी तुम्ही बंदरावर होतात, त्या वेळेला जहाजाच्या नेटवर्कची नोंद असेल तर ती हरकत घेण्याजोगी आहे. फोनच्या सेटिंग्जमधला रोमिंग वापराचा आकडा, आलेले इशाऱ्याचे एसएमएस (किंवा ते न आल्याची बाब), निघण्याआधी कंपनीशी झालेलं चॅट, या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. ते कामी येतात.

भारतात तक्रारीचा क्रम ठरलेला आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्या. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा असा नियम आहे. दूरसंचार खात्याच्या तक्रार पोर्टलवरही जाता येतं. दूरसंचार सेवेचा वाद ग्राहक आयोगाकडे नेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे 'हे आमच्या कक्षेत येत नाही' असं कुणी म्हटलं तर मागे हटू नका. वाद चालू असताना बिलाचा जो भाग मान्य आहे तो भरून टाका आणि अमान्य रक्कम किती, कोणत्या नोंदींची, हे लेखी कळवा.